आकडा कोणी हलवला? सॉ वायुसेन्सर आणि पातळ थरांची पहिली वाटचाल

सॉ सेन्सर, म्हणजे पृष्ठभागावर धावणाऱ्या ध्वनिलाटेवर (सरफेस अकूस्टिक वेव्ह, थोडक्यात सॉ) चालणारी वायू ओळखणारी चिप, चालू केला की समोर एकच गोष्ट दिसते: फ्रीक्वेन्सी काउंटरवरचा आकडा. समजा 15,80,03,412 हर्ट्झ. शेवटचे एकदोन अंक सतत थरथरत असतात. चिपजवळ बोट नेलं की आकडा सरकायला लागतो, हलकी फुंकर मारली की भराभर उतरतो आणि मग सावकाश परत चढतो. पहिल्यांदा हे बघताना फार आनंद होतो, आणि व्हायलाच हवा. पण वायू मोजायचं काम त्यानंतर सुरू होतं. आकडा तुमच्या वायूने हलवला, की उष्णतेने, ओलाव्याने, वाऱ्याच्या झोताने? या प्रश्नाचं उत्तर पुराव्यानिशी देता येईल अशी मांडणी कशी करायची, ते या लेखात पायरीपायरीने सांगतो.

आधी लाट समजून घ्या

घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या लाटेचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये मांडलं. अशा लाटा भूकंपातही उठतात. 1965 मध्ये व्हाइट आणि व्होल्टमर यांनी दाखवलं की दाबविद्युत स्फटिकावर (दाबला की वीज देणाऱ्या आणि वीज दिली की हलणाऱ्या) धातूच्या दोन फण्या एकमेकींत दाते घालून बसवल्या आणि त्यांना विजेचा सिग्नल दिला, की हीच लाट चिमुकल्या चिपवर उठवता येते. अशीच दुसरी जोडी समोर ठेवली की लाटेचा पुन्हा विजेचा सिग्नल होतो. 1979 मध्ये वोल्टजेन आणि डेसी यांनी अशा चिपवर पॉलिमरचा थर दिला आणि बाष्पं ओळखून दाखवली. आजचे सगळे सॉ वायुसेन्सर याच कल्पनेतून आलेले आहेत.

साध्या रचनेत फणीचा दाता आणि दोन दात्यांमधली फट सारख्याच रुंदीची असते, म्हणून तरंगलांबी दात्याच्या रुंदीच्या चौपट होते. एसटी-कट (ठरावीक कोनात कापलेल्या) क्वार्ट्झवर लाट सेकंदाला सुमारे 3158 मीटर धावते. दाता 5 मायक्रोमीटरचा घेतला तर तरंगलांबी 20 मायक्रोमीटर, आणि फ्रीक्वेन्सी सुमारे 158 मेगाहर्ट्झ. पुढची सगळी उदाहरणं याच चिपवर घेतो.

लाटेची जवळजवळ सगळी ऊर्जा पृष्ठभागापासून एका तरंगलांबीच्या खोलीत असते. त्यामुळे पृष्ठभागावर काय बसलं, हे तिला लगेच कळतं. अडचण एवढीच की तिला सगळंच कळतं, फक्त तुमचा वायू नव्हे.

थर लाटेला तीन रीतींनी अडवतो

पहिली रीत वजनाची. थरात वायूचे रेणू शिरले की वस्तुमान वाढतं, लाट मंदावते, आकडा उतरतो. 158 मेगाहर्ट्झच्या क्वार्ट्झ चिपवर दर चौरस मिलिमीटरला 1 नॅनोग्रॅम वाढला तर आकडा सुमारे 3 किलोहर्ट्झ खाली येतो. 10 मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या क्वार्ट्झ मायक्रोबॅलन्सवर (थरथरणाऱ्या क्वार्ट्झच्या चकतीने सूक्ष्म वजन मोजणाऱ्या साधनावर) तेवढ्याच वजनाला जेमतेम 23 हर्ट्झ मिळतात. या तुलनेवरून सॉ शंभर पट चांगला असं ठरवायची घाई करू नका, कारण फ्रीक्वेन्सी वाढते तशी थरथरही वाढते. सिग्नल आणि थरथर यांचं गुणोत्तर काढलं तरच तुलना खरी होते.

दुसरी रीत ताठरपणाची. बाष्प पिऊन पॉलिमर फुगतो, मऊ होतो आणि लाटेचा वेग बदलतो. कित्येकदा हा परिणाम वजनाच्या परिणामाहून मोठा असतो. उलट एखादा थर वायूमुळे ताठ झाला तर आकडा वरही जातो. तेव्हा आकडा वर गेला म्हणून प्रयोग फसला असं समजू नका.

तिसरी रीत विजेची, आणि मला तीच सर्वांत सुंदर वाटते. दाबविद्युत स्फटिकात लाटेबरोबर एक विद्युतक्षेत्रही धावत असतं. वर अर्धवाहक थर असेल तर त्यातले विद्युतभार या क्षेत्राला ओढ लावतात आणि लाट मंदावते. वायूमुळे थराची वाहकता बदलली की वेगही बदलतो. हा परिणाम लिथियम नायोबेट या दुसऱ्या दाबविद्युत स्फटिकावर क्वार्ट्झच्या तीस पटींहून जास्त असतो. पण त्याची एक ठरावीक खिडकी असते. थर फार विरोधक असेल तर क्षेत्राला काहीच जाणवत नाही, फार वाहक असेल तर क्षेत्र आधीच झाकलं गेलेलं असतं. लिथियम नायोबेटवर ही खिडकी थराचा शीट रेझिस्टन्स (थराच्या चौरस तुकड्याचा रोध) मेगाओहमच्या घरात असताना उघडते. म्हणून वायू सोडण्याआधी थराचा रोध मल्टिमीटरने नक्की मोजा. या एका मोजमापाने पुढचे कित्येक दिवस वाचतात.

कोणती रीत काम करते आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. दोन चिप घ्या. एकीवर लाटेच्या वाटेत आधी धातूचा अगदी पातळ पट्टा द्या आणि त्यावर संवेदी थर चढवा, दुसरीवर थर थेट स्फटिकावर चढवा. धातू विद्युतक्षेत्र शॉर्ट करून टाकतो, त्यामुळे पहिल्या चिपवर फक्त वजन आणि ताठरपणा बोलतात. दोन्ही उत्तरांतला फरक हा विजेचा वाटा.

पहिली पायरी: वायू ठरवा, मग थर, मग स्फटिक

नवखे बहुधा याच्या उलट्या क्रमाने जातात. हातात चिप येते, कपाटात एखादं रसायन असतं, ते चिपवर चढतं आणि मग हा थर काय ओळखतो याचा शोध सुरू होतो. तसं करू नका.

टोल्युइनसारख्या तेलकट बाष्पांसाठी पॉलिआयसोब्युटिलीनसारखा मऊ, अध्रुवीय पॉलिमर घ्या. हायड्रोजनसाठी पॅलेडियम. हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे 900 पट हायड्रोजन पोटात घेतो. मात्र जास्त हायड्रोजन मिळाला की त्याची अंतर्गत रचना बदलते, तो फुगतो, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा झालं की थराला भेगा जातात. त्यासाठी निकेल किंवा चांदी मिसळलेलं पॅलेडियम वापरतात. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी थॅलोसायनिन, हायड्रोजन सल्फाइडसाठी टंगस्टन ऑक्साइड, अमोनियासाठी पॉलिअ‍ॅनिलिन ही बरीच मळलेली वाट आहे.

स्फटिक थराच्या स्वभावावरून ठरतो. वजनावर चालणाऱ्या पॉलिमरला एसटी-कट क्वार्ट्झ चांगला, कारण खोलीच्या तापमानाजवळ उष्णतेचा त्याच्यावर परिणाम जवळजवळ शून्य असतो. विजेच्या रीतीने चालणाऱ्या ऑक्साइडला 128 अंशांत कापलेला लिथियम नायोबेट बरा. शेकडो अंश तापमानात काम करायचं असेल तर लँगासाइट हा उष्णता सोसणारा स्फटिक आणि प्लॅटिनमच्या फण्या लागतात, कारण क्वार्ट्झची स्फटिकरचना 573 अंश सेल्सियसला पालटते. नवख्या माणसाने तापणाऱ्या चिपपासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली चिप क्वार्ट्झची, पहिला थर पॉलिमरचा आणि पहिलं बाष्प इथेनॉलचं किंवा पाण्याचं ठेवा.

दुसरी पायरी: कोरी चिप नीट ओळखा

थर देण्याआधी चिप वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींना सिग्नल कसा पार होतो ते मोजणाऱ्या व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरला जोडा आणि तिचा आलेख जपून ठेवा. मधली फ्रीक्वेन्सी, सिग्नलची घट आणि फेज (लाट आपल्या चक्रात किती पुढे-मागे आहे ते) या तीन गोष्टी वहीत लिहा. थर चढवल्यावर घट किती वाढली हे पुढे याच नोंदीवरून कळेल.

मग ऑसिलेटर, म्हणजे चिपमधून आलेला सिग्नल वाढवून पुन्हा तिलाच देणारी फेरी. चिपमध्ये सिग्नल 20 डेसिबलने घटत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरने त्याहून थोडं जास्त परत द्यायला हवं, आणि पूर्ण फेरीतला फेज 360 अंशांच्या पटीत बसायला हवा. या दोन अटी जुळल्या की फेरी आपोआप गुणगुणायला लागते. इथे एक खाचखळगा लक्षात असू द्या. दोन फण्यांमध्ये 5 मिलिमीटर अंतर असेल तर लाटेला ते कापायला सुमारे 1.6 मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे फेजची अट साधारण दर 630 किलोहर्ट्झवर पुन्हा पूर्ण होते. प्रयोग चालू असताना आकडा एकदम एवढी उडी मारून दुसऱ्याच ठिकाणी स्थिरावला, तर तो वायूचा प्रताप नव्हे. ऑसिलेटरने मोड बदलला आहे, म्हणजे फेजची अट पुरी करणाऱ्या शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर तो गेला आहे. ते मोजमाप टाकून द्या.

आता कोरी चिप बंद सेलमध्ये (वायू आत-बाहेर जाईल अशा छोट्या डबीत), कोरड्या नायट्रोजनच्या संथ प्रवाहात रात्रभर चालू ठेवा आणि आकड्याबरोबर तापमानही नोंदवत जा. सकाळी दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून बघा. कोरी चिप किती भटकते हे ज्याला माहीत नाही, त्याला थर दिलेली चिप काय सांगते ते कळणार नाही. ही रात्र वाया गेली असं वाटेल, तरी ती चुकवू नका.

तिसरी पायरी: थर देणं

स्वच्छता आधी. अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग शुद्ध पाणी, मग नायट्रोजनच्या झोताने वाळवणं. शक्य असेल तर शेवटी यूव्ही-ओझोन. लिथियम नायोबेट कधीही झटकन तापवू नका. तापमान बदललं की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार साचतो, फण्यांमध्ये ठिणगी पडू शकते आणि चिप तडकते. हॉटप्लेटवर ठेवायची असेल तर थंड प्लेटवर ठेवून हळूहळू तापमान वाढवा, आणि उतरवतानाही तेवढाच धीर धरा.

पॉलिमरचा थर स्पिन कोटिंगने (चिप गरगर फिरवून द्रावण पसरवून) किंवा एअरब्रशने द्या. सूक्ष्म थेंब टाकून वाळवणं सगळ्यांत सोपं, पण तसं मी सुचवत नाही. भिंगाखाली बघितलं की कारण दिसतं. थेंब वाळताना पदार्थ कडेकडे सरकतो, कडेला जाड कंगोरा उभा राहतो आणि मध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. लाट त्या कंगोऱ्यावर आपटून विखुरते, आणि तसाच दुसरा थेंब टाकला तरी तोच थर पुन्हा मिळत नाही. एअरब्रशने अंतर ठेवून, हलके हलके, बरेच हात मारले तर थर कितीतरी एकसारखा येतो. बारीक तारा जोडलेल्या असतील तर द्रावण तिथवर पोचू देऊ नका, आणि जमलं तर तारा जोडण्याआधीच थर द्या. वाहक थर असेल तर फण्या झाकून फक्त मधल्या वाटेवरच चढवा, नाहीतर दाते शॉर्ट होतील.

थर किती चढला हे चिप स्वतःच सांगते. पॉलिमरची घनता पाण्याइतकी धरली तर 50 नॅनोमीटरचा थर आपल्या चिपचा आकडा सुमारे 157 किलोहर्ट्झ खाली ओढतो. म्हणून फवारताना काउंटर चालू ठेवा आणि ठरवलेली घसरण झाली की थांबा. प्रयोगशाळेत थर किती नॅनोमीटर हे विचारण्याऐवजी थर किती किलोहर्ट्झ असं विचारतात, ते याचमुळे. जाड थर दिला की जास्त सिग्नल मिळेल असं वाटतं, पण जाड मऊ थर लाटेची ऊर्जाच पिऊन टाकतो. घट वाढत जाते आणि एका क्षणी ऑसिलेटर मुका होतो.

चौथी पायरी: कागदावर अपेक्षा मांडा

प्रयोगाआधी हे गणित करायची सवय लावा. बाष्पामुळे होणारी घसरण काढायला थरामुळे झालेली घसरण घ्या, तिला विभाजन गुणांकाने आणि हवेतल्या बाष्पाच्या सांद्रतेने गुणा आणि थराच्या घनतेने भागा. विभाजन गुणांक म्हणजे थरातलं बाष्प हवेतल्या बाष्पाच्या किती पट दाट होतं तो आकडा.

100 पीपीएम (दहा लाख भागांत 100 भाग) टोल्युइन म्हणजे खोलीच्या तापमानाला दर घनमीटरला सुमारे 376 मिलिग्रॅम. गुणांक 1000 धरला आणि थर 157 किलोहर्ट्झचा असला तर उत्तर येतं सुमारे 59 हर्ट्झ.

फक्त 59. आता शेजारी दुसरे दोन आकडे ठेवा. हाच थर 128 अंशांच्या लिथियम नायोबेटवर असता तर तो स्फटिक दर अंशाला दशलक्षात सुमारे 75 भाग सरकतो. म्हणजे तापमान अंशाच्या शंभराव्या भागाने बदललं तरी 158 मेगाहर्ट्झला सुमारे 118 हर्ट्झचा फरक पडतो, टोल्युइनच्या दुप्पट. आणि 25 अंशांना, 50 टक्के आर्द्रतेच्या हवेत पाण्याची वाफ असते 15,000 पीपीएमहून जास्त. तुम्ही 100 पीपीएम शोधताय.

हे तीन आकडे एकदा स्वतःच्या हाताने काढले की पुढची सगळी काळजी आपोआप घेतली जाते. म्हणून दोन चिप एकाच सेलमध्ये ठेवा, एक थराची आणि एक कोरी किंवा झाकलेली. मिक्सर या विद्युतमंडलाने त्यांच्या फ्रीक्वेन्सींचा फरक काढा आणि तोच मोजा. दोघींना सारखाच लागणारा ताप आणि दाब वजाबाकीत बराचसा उडून जातो. बराचसा म्हणतो, पूर्ण नाही. थराची स्वतःची उष्णतेची सवय आणि त्याने प्यायलेलं पाणी मागे उरतंच. म्हणून सेलचं तापमान हीटर आणि नियंत्रकाने बांधून ठेवा, खोलीच्या तापमानापेक्षा थोडं वर. फार वर नेऊ नका, कारण तापल्यावर पॉलिमर बाष्प कमी पितो.

पाचवी पायरी: वायू सोडणं

इथेनॉलचं बाष्प बनवायला बबलर, म्हणजे द्रवातून वायूचे बुडबुडे सोडणारी बाटली, पुरतो. 20 अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे 5.9 किलोपास्कल असतो. मिनिटाला 10 मिलिलिटर नायट्रोजन बबलरमधून आणि 990 मिलिलिटर कोरडा नायट्रोजन मिसळला की सुमारे 600 पीपीएम मिळतात. बबलर पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा. बाष्पीभवनाने द्रव थंड होतो आणि सांद्रता नकळत घसरते.

नळ्या टेफ्लॉनच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. रबर आणि सिलिकोन बाष्प पिऊन बसतात आणि मग तासन् तास सोडत राहतात. तुम्ही बाष्प बंद केलंत तरी आकडा परत येत नाही, आणि दोष मात्र थराच्या माथी जातो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकूण प्रवाह कधीही बदलू देऊ नका. झोत वाढला की चिप गार होते आणि आकडा हलतो. कोरा वायू आणि बाष्पाचा वायू दोन्ही सतत वाहते ठेवा आणि चार-मुखी व्हॉल्व्हने फक्त त्यांच्या वाटा बदला. खात्री करायला एकदा दोन्ही बाजूंना कोराच वायू लावून व्हॉल्व्ह फिरवा. आकड्यात खळगा दिसला तर तो व्हॉल्व्हचा आहे. तो जाईपर्यंत पुढे सरकू नका.

सुरक्षेबद्दल थोडं, पण ठामपणे. हवेत 4 टक्के झाला की हायड्रोजन पेट घेऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या आसपास नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो, म्हणजे वास थांबला तेव्हा धोका वाढलेला असतो. सेलमधून बाहेर पडणारा वायू फ्यूमहूडमध्येच सोडा. नुसता नायट्रोजनसुद्धा बंद खोलीत ऑक्सिजनची जागा घेतो, तेव्हा हवा खेळती हवी.

सहावी पायरी: मोजणं आणि शंका घेणं

बेसलाइन (कोऱ्या वायूतला आकडा) स्थिर झाली की पाच मिनिटं बाष्प, मग आकडा परत येईपर्यंत कोरा वायू, असं चक्र एकाच सांद्रतेला निदान तीनदा करा. नंतर वेगवेगळ्या सांद्रता द्या, पण चढत्या क्रमाने नव्हे, उलटसुलट. चढत्या क्रमाने दिल्या तर बेसलाइनची घसरण आणि वायूचं उत्तर एकाच दिशेने जातात. आलेख छान सरळ दिसतो आणि खोटा असतो.

काउंटरचा गेट (एकेका मोजणीचा कालावधी) 1 सेकंदाचा असेल तर 1 हर्ट्झपर्यंत वाचता येतं. बेसलाइनची थरथर समजा 5 हर्ट्झ आली आणि उत्तर दर पीपीएमला 0.59 हर्ट्झ असलं, तर सिग्नल थरथरीच्या तिप्पट असला तरच खरा मानायच्या नियमाने ओळखीची मर्यादा सुमारे 25 पीपीएम. याहून कमी सांद्रतेचा दावा त्या मांडणीवर करता येत नाही.

मग तोच प्रयोग ओल्या नायट्रोजनमध्ये करा, 30 आणि 60 टक्के आर्द्रतेला. कोरड्यात उत्तम चालणारे कितीतरी थर इथे गप्प होतात. त्यानंतर ज्या वायूशी गल्लत होऊ शकते असे दोनतीन सोडून बघा. एकटा पॉलिमर एकाच बाष्पाला उत्तर देईल अशी आशा धरू नका. तो सगळ्यांना थोडंथोडं उत्तर देतो. म्हणूनच चारसहा चिपांवर वेगवेगळे पॉलिमर देऊन त्यांच्या उत्तरांचा नमुना वाचायची पद्धत रुजली. पण एक चिप पूर्ण समजल्याशिवाय सहा घेऊ नका.

आकड्याबरोबर सिग्नलची घटही नोंदवत राहा. आकडा उतरला आणि घट तशीच राहिली तर बहुतेक वजन बोलतंय. घटही वाढली तर थर मऊ झाला असेल, किंवा त्याची वाहकता हलली असेल. मल्टिमीटरचा आकडा आणि धातूच्या पट्ट्याची जोडचिप यांच्याशी ताडून बघितलं की तिघांतला कोण हे ठरवता येतं.

दिवसाचं शेवटचं चक्र झालं की चिप कोरड्या नायट्रोजनमध्ये तशीच सोडा आणि नोंद चालू ठेवा. सकाळी आलात की आधी तापमान बघा, मग आकडा, आणि थर दिल्यानंतरच्या पहिल्या बेसलाइनपासून तो किती दूर आहे ते तारखेसह वहीत लिहा. फरक थरथरीच्या मर्यादेत असेल तर त्याच चिपवर पुढचं मोजमाप घ्या. शेकडो हर्ट्झ असेल तर काही बाष्प आत अडकलंय किंवा थर सुटायला लागलाय. सेल थोडा तापवून पुन्हा कोरा वायू सोडा, आणि तरीही आकडा परत आला नाही तर ती चिप धुऊन नवा थर द्या.